पाऊण किलोमीटरचा ट्रेक

ट्रेक आणि छायाचित्रण हे दोन छंद एकाच माणसाने एकाच दिवशी एकाच वाटेवर जोपासायचे ठरवले, तर त्यांपैकी एक दुपारच्या जेवणापूर्वीच निकालात निघतो, ही गोष्ट पावसाळ्यात आंबोलीच्या जंगलात शिरणाऱ्या मंडळींचे थोडे जवळून निरीक्षण केल्यास सहज ध्यानात येते. ट्रेकचे सारे शास्त्र पुढे सरकण्यावर उभे आहे आणि छायाचित्रणाचे सारे शास्त्र जागच्या जागी थिजून राहण्यावर. पहिल्यात जो मागे राहतो तो सर्वांच्या शिव्या खातो आणि दुसऱ्यात जो पुढे जातो तो. तरीही जून उजाडला की पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगाव अशा ठिकाणांहून ‘निसर्ग छायाचित्रण ट्रेक’ या जोडनावाखाली गट निघतात, त्यांच्या जाहिरातीत अंतर बारा किलोमीटर आणि श्रेणी ‘मध्यम’ असे छापलेले असते, आणि दिवस मावळताना गटाने प्रत्यक्षात कापलेले अंतर मोजू गेल्यास ते पाऊण किलोमीटरच्या वर क्वचितच भरते. उरलेल्या सव्वाअकरा किलोमीटरांचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातील आंबोली हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, ज्या धारेवर कोकण संपते आणि घाटमाथा सुरू होतो त्या धारेवरच वसलेले असल्यामुळे अरबी समुद्रावरून निर्वेधपणे आलेले ढग येथे पहिल्यांदा अडतात आणि अडवल्याचा सगळा राग तेथेच काढतात. वर्षाकाठी येथे सरासरी सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याला नऊ-दहा वर्षे पुरेल एवढा, आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भरपूर पावसावर पोसलेल्या, वर्षभर हिरव्या राहणाऱ्या आणि शेंडे एकमेकांत गुंतून वर अखंड छत धरणाऱ्या उष्ण प्रदेशातील अरण्याला वर्षावन म्हणतात. काटेकोर वर्गीकरणात आंबोलीचे जंगल निमसदाहरित, म्हणजे पाने न गाळणाऱ्या झाडांत काही पाने गाळणारीही मिसळलेली, अशा गटात मोडते. परंतु जुलै महिन्यात त्यात उभ्या असलेल्या माणसाला हा सूक्ष्म भेद समजावून सांगण्याचे धाडस वनस्पतिशास्त्रज्ञही सहसा करीत नाहीत, कारण त्या वेळी तो माणूस अंतर्बाह्य भिजलेला असतो आणि त्याच्या जिज्ञासेचा एकमेव विषय चहा हा असतो.

महाराष्ट्रातील ट्रेकिंगचा पिंड किल्ल्यांवर पोसला गेला आहे आणि किल्ल्याची मोठी सोय अशी, की त्याला माथा असतो. माथ्यावर पोहोचले की चढ संपतो, भगवा दिसतो, जयजयकार होतो, डबे उघडतात आणि आलेल्या प्रत्येकाला आपण काहीतरी सर केले आहे याची खात्री पटते. वर्षावनाला यातले काहीच नाही. त्याला दरवाजा नाही, बुरूज नाही, पाण्याचे टाके नाही. आत शिरताना जे दिसते तेच तासाभराने दिसते, आणि ते म्हणजे ओली पाने. त्यामुळे किल्ल्यांवर घडलेल्या ट्रेक लीडरची, म्हणजे गटाला नेणाऱ्या, मोजणाऱ्या आणि शक्यतो तितक्याच संख्येने परत आणणाऱ्या कार्यकर्त्याची, येथे विलक्षण कुचंबणा होते. ‘अजून किती आहे?’ या सनातन प्रश्नाला ‘हे काय, पाच मिनिटं’ असे सनातन उत्तर देण्यासाठी पुढे काहीतरी असावे लागते, आणि येथे तर पुढे जे आहे तेच मागेही आहे. तो बिचारा शिट्टी वाजवून माणसे मोजू लागतो तेव्हा वीसपैकी चौदा जण वाटेच्या कडेला चिखलात पालथे पडलेले आढळतात, आणि ते घसरून पडले आहेत की स्वखुशीने, हे जवळ जाऊन पाहिल्याखेरीज सांगता येत नाही.

स्वखुशीने पडण्याचे कारण मॅक्रो छायाचित्रण हे होय. एखादा जीव कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पट्टीवर, म्हणजे सेन्सरवर, त्याच्या मूळ आकाराएवढा उमटेल इतक्या जवळून त्याचे चित्र घेण्याला मॅक्रो म्हणतात, आणि या एकास एक प्रमाणाची किंमत अशी, की चित्रात जेवढा भाग स्पष्ट येतो त्याची खोली जेमतेम एक-दोन मिलिमीटर असते. कोळ्याचे डोळे रेखीव आले तर त्याचे पाय धूसर होतात, आणि पायांकडे लक्ष पुरवावे तर डोळे जातात. यावर उपाय म्हणून काही जण स्टॅकिंग करतात, म्हणजे फोकस केसाएवढा पुढे सरकवीत एकाच जिवाची वीस-तीस चित्रे घेतात आणि नंतर घरी संगणकावर ती एकत्र जोडतात. या साऱ्या काळात कोळ्याने हलू नये, वाऱ्याने पान हलवू नये, पानावर थेंब पडू नये आणि छायाचित्रकाराने श्वास घेऊ नये, एवढ्या चारच अटी असतात. आंबोलीच्या जुलैमध्ये त्या चारही एकदम पाळल्या गेल्याचे उदाहरण दुर्मीळ आहे.

येथेच त्या सव्वाअकरा किलोमीटरांचा बराचसा उलगडा होतो. गावाबाहेर पडल्यावर रस्त्याला जी पहिली मोरी लागते तिच्या दगडी कठड्यावर शेवाळ असते, शेवाळात टाचणीच्या डोक्याएवढ्या छत्र्यांची अळंबी असते, अळंबीखाली एक गोगलगाय असते आणि गोगलगायीच्या मागावर असलेला कुणीतरी असतो, ज्याच्या नावाबद्दल गटात लगेच दोन तट पडतात. म्हणजे सकाळी सात वाजता उत्साहाने निघालेला ट्रेक सव्वासात वाजता मोरीवर येऊन थांबतो आणि पावणेनऊलाही तेथेच असतो. वाटेने डोक्यावर इरले घेतलेला, लावणीला निघालेला शेतकरी जाताना थबकून कठड्याकडे पाहतो, काही सांडले आहे काय म्हणून चौकशी करतो, आणि ‘गोगलगाय आहे’ असे उत्तर मिळाल्यावर अतिशय सभ्यपणे काही न बोलता पुढे जातो. त्याच्या परसात त्याच गोगलगाई ढिगाने असतात आणि त्यांच्याविषयीचे त्याचे मत छायाचित्रणास पोषक नसते.

या उद्योगातील सर्वांत महत्त्वाचे साधन भिंग नसून छत्री आहे, ही बाब कॅमेऱ्यांच्या जाहिराती कधीच सांगत नाहीत. दोन हात कॅमेऱ्यात आणि फ्लॅशमध्ये गुंतलेले असल्याने छत्री धरण्यास तिसरा हात लागतो आणि तो बहुधा विवाहाने प्राप्त झालेला असतो. पूर्वी राजेलोकांवर अब्दागिरी धरणारा सेवक असे. येथे अब्दागिरी कॅमेऱ्यावर धरली जाते आणि ती धरणारी व्यक्ती, पती असो वा पत्नी, स्वतः उघड्यावर निथळत उभी असते. ‘अगं, थोडी डावीकडे धर, लेन्सवर थेंब येतोय,’ हे वाक्य जंगलात इतक्या वेळा ऐकू येते, की पक्ष्यांच्या आवाजांची ध्वनिमुद्रिका करणाऱ्यांनी ते त्यातच समाविष्ट करावयास हरकत नसावी. छत्रीधारकाच्या बाजूने एवढेच म्हणावे लागेल, की कॅमेऱ्याचा विमा उतरवलेला असतो आणि सर्दीचा नसतो.

छत्री असूनही पाणी आत जातेच, कारण वर्षावनात ते केवळ वरून येत नाही. वातानुकूलित मोटारीतून किंवा खोलीतून थंडगार कॅमेरा बाहेर काढला की हवेतील बाष्प त्या गार काचेवर जमते आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटे समोरचे सगळे जग दुधात बुडालेले दिसते. अशा वेळी घाईघाईने काच पुसणारे नवशिके असतात आणि कॅमेरा पिशवीत ठेवून पोहे खायला जाणारे जाणकार असतात. याहून कपटी प्रकार बुरशीचा. बुरशीचे बीजाणू हवेत सदैव असतात आणि दमट काळोख मिळाला की ते भिंगाच्या आतल्या काचांवरही रुजतात, धागे पसरतात आणि काचेवरचा लेप कायमचा खरवडून टाकतात. भिंग बंद पेटीत सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषून घेणाऱ्या खड्यांच्या, सहवासात ठेवावे हा त्यावरचा इलाज आहे, आणि ज्यांनी तो केलेला नसतो त्यांच्याकडे दिवाळीपर्यंत एक असा नमुना तयार होतो, ज्याचे मॅक्रो छायाचित्र घेण्यासाठी दुसरे भिंग विकत आणावे लागते. दिवसभर बुरशीची छायाचित्रे काढणाऱ्याच्या पिशवीतून बुरशी घरी येते यात अन्याय काढता येत नाही.

आता जळू. हा प्राणी टाळून आंबोलीविषयी लिहिणे शक्य नाही, कारण तो लेखकालाही टाळत नाही. जमिनीवरची जळू काडीएवढी असते, दोन्ही टोकांच्या चूषकांवर, म्हणजे चिकटून राहणाऱ्या चकत्यांवर, कमानी टाकीत वितीवितीने चालते, आणि माणसाची चाहूल लागली की मागच्या टोकावर उभी राहून पुढचे टोक हवेत चारी दिशांना फिरवू लागते. पायांची कंपने, उच्छ्वासातील वायू आणि अंगाची ऊब यांवरून तिला पत्ता लागतो. म्हणजे जो जितका दमलेला, धापा टाकणारा आणि एका जागी रेंगाळणारा, तितका तिला सोयीचा, आणि हे वर्णन तंतोतंत मॅक्रो छायाचित्रकाराचे आहे. तिचा चावा कळत नाही, तिच्या लाळेतील द्रव्य रक्त गोठू देत नाही, आणि पोट भरले की ती कुणाचाही निरोप न घेता गळून पडते. मोज्यावर लाल डाग दिसतो तेव्हा व्यवहार पूर्ण झालेला असतो. मीठ, चुना, डेटॉल, गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे आणि तंबाखूचे पाणी हे तिच्यावरचे प्रचलित उपाय आहेत, आणि जन्मात सुपारीचे खांडही तोंडात न टाकलेली सोवळी मंडळी सावंतवाडीच्या पानटपरीवर खाली मान घालून तंबाखूच्या पुड्या मागताना दिसतात. टपरीवाला काही विचारत नाही; पावसाळा लागल्याचे त्याला त्यावरूनच कळते. गटातील जुन्या खेळाडूंची ओळख अशी, की स्टॅकिंग चालू असताना बोटांच्या बेचक्यात जळू लागली तरी ते हात हलवत नाहीत, तिसावे चित्र होईपर्यंत तिला जेवू देतात, आणि मग तिचेही एक छायाचित्र घेतात.

एवढे सोसूनही प्रत्यक्षात दिसते काय, हा प्रश्न घरी राहिलेले नातेवाईक विचारतातच, आणि त्याला मान्यवर इतिहास आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८७८ साली उष्ण कटिबंधातील निसर्गावरच्या आपल्या ग्रंथात असे नोंदवून ठेवले आहे, की तेथील जंगलात झाडांच्या जाती असंख्य असतात, परंतु एक झाड पाहिल्यावर तसलेच दुसरे शोधू गेल्यास ते सापडता सापडत नाही. प्रकार पुष्कळ आणि प्रत्येकाचे नग थोडे, असा हा मामला असल्यामुळे ताडोबाला जाऊन आलेल्या माणसाला, ज्याने जिप्सीत बसल्या बसल्या चितळांचे कळप पाहिलेले असतात, वर्षावन रिकामे वाटते. ते रिकामे नसते. त्यातले रहिवासी पानासारखे, काडीसारखे, सालीसारखे किंवा पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसण्यात लाखो वर्षे तरबेज झालेले असतात आणि केवळ पुण्याहून मंडळी आली आहेत म्हणून ते ही साधना सोडत नाहीत.

या साधनेचा भेद करणारा एकच इसम तेथे असतो आणि तो म्हणजे स्थानिक वाटाड्या. त्याच्या पायांत साधे गमबूट असतात, हातात बॅटरी असते, गळ्यात काही नसते, आणि तो चालता चालता तीस फुटांवरच्या झुडपातला हरणटोळ, म्हणजे वेलीच्या जाडीचा, पोपटी रंगाचा आणि टोकदार मुस्कटाचा साप, बोट करून दाखवतो. त्यानंतर जो संवाद होतो त्याचे स्वरूप ठरलेले आहे. ‘थंय बघा, त्या पानाच्या मागे.’ ‘कुठल्या पानाच्या?’ ‘ते हिरवं.’ ‘अच्छा, म्हणजे त्या वाकड्या फांदीखाली?’ ‘ती फांदी नाही, तोच साप आहे.’ यावर एक गृहस्थ ‘हां हां, दिसला, मस्त आहे!’ असे म्हणतात, त्यांच्या पाठोपाठ आणखी चौघांना तो दिसतो, आणि ज्यांना खरोखर दिसलेला नसतो त्यांच्यात एकट्या पडलेल्या एका प्रामाणिक बाई तेवढ्या ‘मला नाही दिसत हो दादा’ असे म्हणत राहतात. रात्री कॅमेऱ्यांच्या पडद्यांवर चित्रे पाहताना असे आढळते, की त्या चौघांपैकी दोघांनी अतिशय काळजीपूर्वक एक वेल टिपली आहे, आणि त्या बाईंच्या चित्रात, त्यांच्या नकळत, साप आहे.

पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांचा पंथ या गटात अल्पसंख्य आणि दुःखी असतो. दाट छताखाली जमिनीपर्यंत सूर्यप्रकाशाचा एक-दोन टक्केच भाग पोहोचतो, त्यातून वर ढग, आणि पक्षी टिपण्यास लागणारे लांब भिंग तर भरपूर उजेड मागणारे. परिणामी तीन-चार किलो वजनाचे ते यंत्र दिवसभर खांद्यावर वागवून जे हाती लागते ते बहुधा काळसर, कणीदार आणि फांदीआडचे असते. पक्षी नसतात असे नव्हे. धनेश डोक्यावरून जातो तेव्हा त्याच्या पंखांचा आवाज दूरवर ऐकू येतो आणि तो दिसेपर्यंत गेलेला असतो. शीळकरी कस्तूर तर पहाटेपासून एखाद्या शाळा बुडवलेल्या पोराने रमतगमत, सूर लागो न लागो, शीळ घालावी तशी घालत असतो आणि ऐकणाऱ्यांना तो प्रत्येक वेळी डाव्या हाताच्या झाडावर आहे असे वाटते. पक्षीपंथीय गृहस्थ अखेर दुपारी मॅक्रोवाल्यांशेजारी येऊन बसतात, मोबाइलने बेडकाचा फोटो काढतात, आणि संध्याकाळी गटाच्या व्हॉट्सॲपवर सर्वाधिक वाखाणला जातो तो नेमका हाच फोटो असतो.

गटाच्या या एकाग्रतेपासून शे-दोनशे मीटरांवर, मुख्य धबधब्यापाशी, रविवारी निराळेच जग नांदत असते. तेथे गोव्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या गाड्यांची रांग घाटभर लागलेली असते, पायऱ्यांवर माणसांवर माणसे भिजत असतात, कणसे भाजली जातात, भजी तळली जातात आणि माकडे दोन्हींची वर्गणी वसूल करतात. तिथून कावळेसाद पॉइंटवर जाणारी मंडळी दरीच्या काठावरील लोखंडी कठड्याला रेलून समोरच्या पांढऱ्या शुभ्र धुक्याकडे पाहतात आणि त्या धुक्याच्या पार्श्वभूमीवर एकमेकांचे फोटो काढतात, जे घराच्या चुना लावलेल्या भिंतीसमोरही काढता आले असते. वारा जोरात असला की मात्र तेथे एक खरा चमत्कार दिसतो. दरीत कोसळणारे पाणी खालून येणाऱ्या झोतामुळे पुन्हा वर उडते आणि काठावरच्यांना भिजवते. छायाचित्रण ट्रेकवाले या गर्दीकडे तुच्छतेने पाहतात, पण निःपक्षपातीपणे पाहिल्यास गर्दीला धबधबा दिसलेला असतो आणि यांना अद्याप साप दिसलेला नसतो.

अर्थात समोर असलेले न दिसण्याची परंपरा आंबोलीत बरीच जुनी आहे. गावाजवळच्या हिरण्यकेशी मंदिरात गुहेतून नदी उगम पावते आणि समोरच्या कुंडात पडते. या कुंडाकाठी पिढ्यान्पिढ्या भाविक येऊन हात जोडून गेले, आणि त्याच कुंडात पोहणारा एक बोटभर मासा ही विज्ञानाला सर्वस्वी अज्ञात अशी जात असल्याचे २०२० साली जाहीर झाले. त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी असे नाव मिळाले आणि २०२१ साली राज्य शासनाने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ ठरवले. तेव्हा मोरीच्या कठड्यावर दोन तास घालवणाऱ्यांना अगदीच हसण्यावारी नेऊ नये. हसणाऱ्यांनी कुंडाजवळ किती मिनिटे घालवली होती, हेही कधीतरी विचारावे.

खरा बाजार भरतो तो अंधार पडल्यावर. पावसाळी रात्री बॅटऱ्या घेऊन जंगलात फिरण्याला आता सर्रास ‘नाइट ट्रेल’ म्हणतात, आणि तिचा मानकरी मलबार उडता बेडूक असतो. हिरवागार, बोटांमध्ये लालसर केशरी पडदे असलेला हा बेडूक ते पडदे ताणून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत उतरतो; मादी पाण्यावर झुकलेल्या पानांत मागच्या पायांनी फेस घुसळून त्यात अंडी घालते, आणि अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले खालच्या पाण्यात टपाटप पडतात. त्या फेसाच्या घरट्याभोवती दहा-बारा छायाचित्रकार अर्धवर्तुळात उभे राहतात, ‘प्रत्येकाला दोन-दोन फोटो’ असा ठराव होतो, पहिला गृहस्थ अकरा काढतो, आणि मग जंगलाच्या काळोखात रेशन दुकानाची शिस्त आणि रेशन दुकानाचीच कुजबुज सुरू होते. जवळच झुडपावर मलबार चापडा असतो, म्हणजे डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळग्याने उष्णता ओळखणारा विषारी साप, जो सावज येण्याची वाट पाहत एकाच फांदीवर दिवसच्या दिवस निश्चल बसून राहतो आणि हिरवा, तपकिरी, पिवळा अशा नाना रंगांत आढळतो. स्टॅकिंगसाठी याच्याएवढा आदर्श प्राणी साऱ्या सह्याद्रीत नाही. त्याने हलायचे नाही असे ठरवलेले असते आणि छायाचित्रकाराने त्याच्या फार जवळ जायचे नाही असे सर्वांनी मिळून ठरवलेले असते.

विनोद येथे थोडा बाजूला ठेवावा लागतो. चित्रात मागचे पान फाटके दिसते म्हणून बेडूक उचलून दुसऱ्या, अधिक देखण्या पानावर बसवणारे, तो पुरेसा ओला दिसत नाही म्हणून त्याच्यावर फवारणी करणारे आणि सापाला काठीने ‘जरा इकडे’ करणारे कलावंत प्रत्येक हंगामात निपजतात. बेडूक त्वचेवाटेही श्वास घेतो आणि त्वचेवर लागलेले सगळे त्यातून आत जाते, त्यामुळे डासांचे मलम किंवा तंबाखूचे पाणी माखलेला हात त्याच्यावर पडणे हा त्याच्या दृष्टीने कलेचा प्रश्न राहत नाही. आणि सापाला हात घालण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याची मनाई आहे, शिवाय सापाचीही असते. ज्या फोटोत बेडूक फारच स्वच्छ पानावर, फारच मधोमध आणि फारच संकोचून बसलेला दिसतो, त्या फोटोला शाबासकी देताना सावध असावे.

रात्री साडेदहाच्या सुमारास गट मुक्कामाच्या घरी परततो, गमबुटांतून पाणी ओततो, एकमेकांच्या मानेवर जळवा शोधतो आणि जेवायला बसतो, आणि अशा वेळी हात धुवायला गेलेल्या कुणाचीतरी हाक येते. ओसरीच्या ट्यूबलाइटखाली, चुन्याच्या भिंतीवर, पंख पसरून वीतभर लांबीचा ॲटलास पतंग बसलेला असतो. जगातल्या सर्वांत मोठ्या पतंगांपैकी हा एक. प्रौढावस्थेत त्याला काम करणारे तोंडच नसल्यामुळे तो काही खात नाही, साठवलेल्या चरबीवर काही दिवस जगतो आणि तेवढ्यात प्रजननाचे उरकतो. तो हलत नाही, पळत नाही, त्याच्यावर पाऊस पडत नाही, छत्री लागत नाही, आणि प्रत्येकाला मनसोक्त फोटो मिळतात. दिवसभरातले सर्वांत चांगले चित्र अशा रीतीने न्हाणीघराच्या दाराशी, चपला घालून, भात निवत असताना निघते. घरमालकीणबाई पदराला हात पुसत येतात, भिंतीकडे पाहतात आणि म्हणतात, ‘ह्यो होय? ह्यो तर रोज येता.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ही सगळी मंडळी पावसातच घरचा रस्ता धरतात, आणि येथे एका लहानशा प्राण्याचा उल्लेख करणे भाग आहे. आंबोली भेक हा जांभ्याच्या सड्यांवर साचलेल्या पाण्यात पहिल्या पावसात अंडी घालणारा, बेडकाचाच खरखरीत कातडीचा भाऊबंद. २००९ साली त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, तो आंबोली आणि तिच्या लगतचा टापू सोडून अन्यत्र मिळत नाही, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त वर्गात आहे. पावसाळी रात्री तो रस्त्यावर येतो आणि तेथेच चिरडला जातो. आदल्या रात्री ज्याच्या भुवईच्या चित्रासाठी माणसे तासभर पोटावर पडलेली असतात, त्याच्याच अंगावरून ती परतीच्या वाटेवर, घरी जेवणाला पोहोचायचे म्हणून, ताशी साठच्या वेगाने जातात. तेव्हा आंबोलीला जाणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती, की पावसाळ्यात अंधार पडल्यावर गावाच्या हद्दीत गाडी वीसच्या वर नेऊ नये, दिव्यांच्या उजेडात रस्त्यावर काही बसलेले दिसले तर थांबावे, आणि ते आपणहून पलीकडे जाईपर्यंत इंजिन बंद ठेवावे. त्याचा फोटो काढण्यासाठी मात्र खाली उतरू नये, मागे ट्रक असतात.